धडा पाचवा : एहतेमाल

आपल्या राज्याचे दहावीचे बीजगणिताचे पुस्तक २०१८ साली नवे आले. पहिला धडा दोन चलांतील रेषीय समीकरणांचा, चौथा अर्थनियोजनाचा, पाचवा संभाव्यतेचा आणि सहावा सांख्यिकीचा. सोलापुरातल्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत मी हेच धडे शिकवते. समीकरणाला आम्ही मुसावात म्हणतो, संभाव्यतेला एहतेमाल आणि सांख्यिकीला शुमारियात. चौथ्या धड्यात जीएसटी येतो, शेअर येतात, म्युच्युअल फंड येतो, दलाली येते. ज्यांच्या घरात आजपर्यंत कोणी शेअरचा कागद पाहिलेला नाही अशी मुले दर्शनी किंमत आणि बाजारभाव यांतला फरक वहीत लिहितात, गुण मिळवतात आणि विसरून जातात.

माझीही समजूत बरीच वर्षे अशीच होती की हे धडे म्हणजे अभ्यासक्रमात आलेले पाहुणे आहेत. चौथा आणि पाचवा शेजारी-शेजारी का बसवले, याचा विचार करायची वेळच आली नव्हती. ती वेळ माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने आणली.

२०२२ च्या उन्हाळ्यात ती घरी आली. तेव्हा ती इथल्याच एका कॉलेजात संख्याशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. वडील टॉवेलच्या कारखान्यात जॉबर, आई विड्या वळणारी, मोठा भाऊ मोबाइलच्या दुकानात. दहावीला माझ्याकडे होती तेव्हापासून तिला एक सवय होती. उत्तर बरोबर आले तरी ती विचारायची, "टीचर, दुसऱ्या रीतीने येते का?" त्या दिवशी तिने मोबाइल पुढे केला आणि म्हणाली, "टीचर, ये क्वांट बोले तो क्या होता?" पडद्यावर अमेरिकेतल्या एका विद्यापीठाची जाहिरात होती. गणित घेऊन अर्थबाजारात नोकरी, दीड वर्षाचा अभ्यासक्रम, आणि खाली पगाराचे असे आकडे की आम्ही दोघींनी शून्ये दोनदा मोजली.

मी बी.एस्सी., बी.एड. आहे. ज्या विषयाचे नाव जाहिरातीत होते तो मी कधी शिकले नव्हते. पण शिक्षकाकडे विद्यार्थी उत्तर मागायला येतो तेव्हा त्याला जाहिरातीच्या भरवशावर परत पाठवणे बरे नाही. पुढचे दोन-तीन महिने रविवारी आम्ही दोघी बसलो. तिच्याकडे कॉलेजची पुस्तके होती, माझ्याकडे खडू-फळा होता. त्यातून जे कळले ते या पानांवर मांडते आहे, कारण असा मोबाइल पुढे करणारी मुले आता पुष्कळ घरांत आहेत.

क्वांट म्हणजे गणिताच्या आधारे पैशाच्या बाजारातल्या अनिश्चिततेचा भाव ठरवणारा माणूस. उद्या शेअर चढेल की उतरेल हे त्यालाही ठाऊक नसते. पण न कळणाऱ्या गोष्टीतही किती आणि कशा प्रकारचे न कळणे आहे, हे तो मोजतो. म्हणजे आमचा चौथा आणि पाचवा धडा एकत्र शिकून मोठे झाले की हा विषय तयार होतो. धडे शेजारी का बसलेत, त्याचा उलगडा मला असा झाला.

या विषयाची वंशावळ मजेदार आहे. १८२७ साली रॉबर्ट ब्राउन या वनस्पतिशास्त्रज्ञाला पाण्यात तरंगणारे परागातले बारीक कण सूक्ष्मदर्शकाखाली अखंड, वेडेवाकडे हलताना दिसले. १९०० साली पॅरिसमध्ये लुई बाशेलिए या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात शेअरबाजारातले भाव असेच हलतात असे मानून गणित मांडले. त्याचे परीक्षक होते हेन्री पॉइंकारे. आइन्स्टाइनने परागकणांच्या हालचालीचे गणित केले ते १९०५ साली, म्हणजे बाजाराचा हिशेब पदार्थविज्ञानाच्या पाच वर्षे आधी झाला होता. पण बाशेलिएकडे पुढची पन्नास वर्षे फारसे कोणी पाहिले नाही. दुसरे महायुद्ध चालू असताना जपानमध्ये कियोशी इतो यांनी अशा वेड्यावाकड्या चालीवर कलनशास्त्र कसे चालवायचे ते दाखवले. १९७३ साली फिशर ब्लॅक आणि मायरन शोल्स यांचा लेख प्रसिद्ध झाला, आणि त्याच वर्षी शिकागोत ऑप्शनचा संघटित बाजार सुरू झाला. त्या कामासाठी १९९७ चे नोबेल शोल्स आणि रॉबर्ट मर्टन यांना मिळाले. ब्लॅक १९९५ सालीच वारले होते. आपल्या राष्ट्रीय शेअर बाजारात निर्देशांकावरचे वायदे २००० साली आले, ऑप्शन २००१ साली.

आणखी मागे जायचे तर बगदादपर्यंत जाता येते. नवव्या शतकात अल-ख्वारिझ्मी यांनी जे पुस्तक लिहिले, ज्याच्या नावातल्या 'अल-जब्र'वरून अलजेब्रा आला, त्याचा मोठा भाग वारसाहक्क आणि वसीयतीच्या वाटणीच्या उदाहरणांचा आहे. आज बाजारात संगणकाने होणाऱ्या सौद्यांना 'अल्गो' म्हणतात. तो शब्दही त्यांच्याच नावावरून आलेला. आपण हे नाव भाषणात अभिमानाने घेतो. बीजगणित पैशाच्या न्याय्य वाटणीसाठीही वापरले गेले, हे मात्र भाषणात क्वचितच येते.

ऑप्शन म्हणजे हक्क. ठरलेल्या भावाने ठरलेल्या दिवशी शेअर घेण्याचा हक्क, घेण्याची सक्ती नाही. या हक्काची आज किती किंमत द्यावी? हे गणित दहावीच्या पोरांनाही सुटते. ते मी वर्गात करून पाहिले, इथेही मांडते.

समजा एक शेअर आज १०० रुपयांना आहे. उद्या तो ११० होईल किंवा ९० होईल, तिसरी शक्यता नाही. मला उद्या तो १०० ला घेण्याचा हक्क हवा आहे. भाव ११० झाला तर हक्काचे मोल १० रुपये, ९० झाला तर शून्य. हक्क विकणाऱ्याने आजच अशी तयारी करून ठेवायची की उद्या काहीही झाले तरी त्याला बरोबर तेवढे देता यावे. त्यासाठी तो क्ष शेअर घेतो आणि य रुपये हाताशी ठेवतो. मग ११०क्ष + य = १० आणि ९०क्ष + य = ०. वजाबाकी केली की २०क्ष = १०, म्हणून क्ष = १/२ आणि य = −४५. म्हणजे अर्धा शेअर ५० रुपयांना घ्यायचा, त्यापैकी ४५ रुपये उसने काढायचे, स्वतःचे ५ घालायचे. एका दिवसाचे व्याज सोडून दिले तर हक्काची किंमत ५ रुपये. पहिल्या धड्यातली दोन समीकरणे, दुसरे काही नाही. ही सोपी रीत १९७९ साली कॉक्स, रॉस आणि रुबिनस्टाइन यांनी मांडली.

वर्गात हे सोडवल्यावर मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "टीचर, भाव चढण्याचा एहतेमाल किती, ते तर कुठं आलंच नाही!" तो गणितात कच्चा मुलगा आहे. पण या विषयाचे मर्म त्याने एका वाक्यात पकडले. हक्काची किंमत भाव चढेल या आशेवर ठरत नाही. ती विकणाऱ्याला तयारी करायला किती खर्च येतो यावर ठरते. आशेवर खरेदी करणारा आणि तयारी करून विकणारा, असे दोघे समोरासमोर बसलेले असतात. त्यातला एकच गणित करून आलेला असतो.

आणि त्या गणितात ४५ रुपये उसने आहेत, हेही आमच्या मुलांच्या लक्षात येते. त्याकडे पुढे येते.

आता शिक्षणाचे. १९९४ मध्ये पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठाने या विषयाची वेगळी पदव्युत्तर पदवी सुरू केली. मग बर्कली, न्यूयॉर्क, कोलंबिया अशा ठिकाणी तसे अभ्यासक्रम निघाले. संभाव्यता, इतोचे कलन, आंशिक विकल समीकरणे, काल-श्रेणी, आणि या सगळ्याला संगणकावर उतरवण्यासाठी पायथन व सी-प्लस-प्लस, असा तो अभ्यास असतो. अभ्यासक्रम चांगले आहेत. पण त्या व्यावसायिक पदव्या आहेत. तिथे शिष्यवृत्ती क्वचित मिळते. नामांकित ठिकाणी नुसती फी ७०-८० हजार डॉलरच्या पुढे जाते. राहणे-खाणे धरले की हिशेब ८०-९० लाख रुपयांवर जातो.

तिच्या हातात एका कर्ज देणाऱ्याचे माहितीपत्रकही होते. आम्ही फळ्यावर हिशेब केला. ६० लाख कर्ज, ११ टक्के व्याज, दहा वर्षे. महिन्याचा हप्ता सुमारे ८२,६५० रुपये. दहा वर्षांत भरायचे सुमारे ९९ लाख. शिक्षण चालू असताना चढणारे व्याज वेगळेच. एवढ्या कर्जाला तारण लागते, आणि त्यांच्याकडे होते दोन खोल्यांचे घर. शिवाय नोकरीच्या परवान्याचा भरवसा नसतो. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने बाहेरून येणाऱ्या नव्या कर्मचाऱ्यांच्या एच-वन-बी अर्जावर एक लाख डॉलरचे शुल्क जाहीर केले, हे तर आपण सर्वांनी वाचले आहे. ती बराच वेळ फळ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "टीचर, दुसऱ्या रीतीने येते का?"

येते. आणि ती रीत पुष्कळ स्वस्त आहे. प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी १९३१ साली कोलकात्यात भारतीय सांख्यिकी संस्था काढली. तिथल्या एम.स्टॅट.ला आजवर शिक्षण-शुल्क नाही, उलट विद्यार्थ्याला दरमहा विद्यावेतन मिळते. अट एकच, मे महिन्यातली प्रवेश-परीक्षा आणि मग मुलाखत. याच संस्थेत घडलेले श्रीनिवास वर्धन पुढे न्यूयॉर्कला गेले आणि त्यांना संभाव्यतेतल्या कामासाठी २००७ चे आबेल पारितोषिक मिळाले. दुसरी वाट 'जॅम' या परीक्षेची. गणित किंवा गणिती संख्याशास्त्राचा पेपर देऊन आयआयटीत एम.एस्सी. करता येते, दोन वर्षांचा खर्च काही लाखांत भागतो. चेन्नईची गणित संस्था आहे, पुणे-मुंबई विद्यापीठांचे संख्याशास्त्र विभाग आहेत. विमा-गणितज्ञ व्हायचे असेल तर भारतीय ॲक्चुअरी संस्थेच्या परीक्षा नोकरी करता करता एकेक देता येतात.

आणखी एक गोष्ट पालकांना सांगावीशी वाटते, कारण ती कानावर येत नाही. परदेशात अशा व्यावसायिक पदव्युत्तर पदवीला आपण पैसे मोजतो. पण गणित-संख्याशास्त्राच्या पीएच.डी.ला बहुतेक चांगली अमेरिकी विद्यापीठे फी माफ करतात आणि वर शिकवण्याच्या कामाचा मेहनताना देतात. बाजारातल्या मोठ्या कंपन्या संशोधनाच्या जागांवर अशाच पीएच.डी.वाल्यांना बोलावतात. म्हणजे अधिक खोल शिक्षण स्वस्त आणि वरवरचे महाग, असा हा उलटा बाजार आहे. आपल्याकडे मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप २०२२ साली बंद झाली, ते दुःख आहेच. तरी नेट-जेआरएफची वाट सर्वांना खुली आहे.

वाट स्वस्त असली तरी सोपी नव्हती. उर्दू माध्यमातून अकरावीला सायन्सला गेलेल्या मुलाचे काय होते ते माझ्यासारख्या शिक्षकांना ठाऊक आहे. मुसल्लस, दायरा, मुसावात ही दहा वर्षांची कमाई जूनच्या एका सकाळी निरुपयोगी वाटू लागते. गणित येत असते, पण गणिताचे वाक्य येत नाही. तिचीही अडचण तीच होती. सांख्यिकी संस्थेच्या पेपरात 'सिद्ध करा' असे प्रश्न असतात. तिला सिद्धता सुचायची, पण इंग्रजीत पाच ओळी सलग लिहिता यायच्या नाहीत. मी तिला सांगितले, आधी सिद्धता उर्दूत लिही, पूर्ण वाक्यांत, मग खाली इंग्रजीत. अशा तीन वह्या भरल्या. माझे मत असे की मातृभाषेतला तर्क वाया जात नाही, त्याचे कपडे तेवढे बदलावे लागतात. पण ते बदलायला कोणीतरी बसावे लागते, आणि आपल्या बहुतेक शाळांत दहावीनंतर कोणी बसत नाही. सच्चर समितीने २००६ साली लिहिले होते की देशातल्या नामांकित महाविद्यालयांत पदवीच्या २५ विद्यार्थ्यांत एक आणि पदव्युत्तरच्या ५० मध्ये एक मुस्लिम असतो. पंचवीसातला एक पन्नासातला एक होतो, त्या दोन पायऱ्यांमध्ये अशा न भरलेल्या वह्या पडलेल्या असणार.

२०२३ साली सांख्यिकी संस्थेत तिची निवड झाली नाही. तिने शिकवण्या घेत पुन्हा तयारी केली. त्याच हिवाळ्यात घरात दुसरे प्रकरण उघड झाले. भाऊ मोबाइलवर ऑप्शनचे सौदे करत होता. कुठल्याशा ग्रुपवर 'कॉल' यायचे, हा घ्यायचा. सुरुवातीला चार हजार मिळाले, मग गेले, मग गेलेले परत आणण्यासाठी आणखी गेले. मोटारसायकल विकली तेव्हा घरी कळले. एकूण एक लाख दहा हजार. त्यात बहिणीच्या पुढच्या शिक्षणासाठी आईने विड्यांच्या मजुरीतून बाजूला ठेवलेले पैसेही होते.

घरात रडारड झाली. तिने मात्र भावाची सगळी सौदा-पत्रे मागवून घेतली आणि तक्ता केला. किती सौदे, किती फायदा, किती तोटा, दलाली किती, कर किती. तक्ता मला दाखवताना तिचा आवाज अगदी सपाट होता. म्हणाली, "टीचर, भाईजान हर बार वो हक्क खरीदे, जिसकी कीमत सामनेवाले ने हिसाब करके लगाई थी।"

सप्टेंबर २०२४ मध्ये सेबीचा अहवाल आला. तीन आर्थिक वर्षांत, २०२१-२२ ते २०२३-२४, शेअरच्या वायदे-ऑप्शनमध्ये उतरलेल्या व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात गेल्या. एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून जास्त. त्यांच्यातल्या तीन-चतुर्थांशाहून अधिक लोकांचे जाहीर उत्पन्न वर्षाला पाच लाखांच्या आत. तिशीच्या आतल्यांचे प्रमाण एका वर्षात ३१ वरून ४३ टक्क्यांवर गेले. आणि समोर कोण? २०२३-२४ या एका वर्षात स्वतःच्या पैशावर सौदे करणाऱ्या संस्थांनी सुमारे ३३ हजार कोटी आणि परदेशी गुंतवणूकदारांनी सुमारे २८ हजार कोटी कमावले, आणि त्यातला ९६-९७ टक्के नफा अल्गो चालवणाऱ्यांचा होता. पुढच्या वर्षी, २०२४-२५ मध्येही ९१ टक्के व्यक्ती तोट्यातच राहिल्या. जुलै २०२५ मध्ये जेन स्ट्रीट या परदेशी कंपनीविरुद्ध सेबीने अंतरिम आदेश काढून ४,८४३ कोटी रुपये जमा करायला लावले. कंपनीने आरोप नाकारले आणि प्रकरण अपिलात गेले. त्याचा निवाडा न्यायाधिकरण करील. पण ९३ टक्के हा आकडा कोणाच्या लबाडीशिवायही समजतो. मागच्या बाकावरच्या मुलाने तो समजावलाच आहे.

आमच्या एका घरात या बाजाराच्या दोन्ही बाजू अशा आल्या. भाऊ आशेच्या बाजूला बसून हरला होता. बहिणीला हिशेबाच्या बाजूला बसायचे होते. ती माझ्याशी भांडल्यासारखी बोलली. "मी त्या बाजूला गेले तर पगार कुणाच्या पैशातून येईल? दुसऱ्या कुणाच्या भावाच्याच ना?"

हा प्रश्न मी टाळला नाही, आणि वाचकांनीही टाळू नये. यात दीनाचा भाग आहे. रिबा, म्हणजे व्याज. घरर, म्हणजे सौद्यातली घातक अनिश्चितता. आणि मैसिर, म्हणजे जुगार. १९९२ साली जिद्दाच्या आंतरराष्ट्रीय फिकह अकादमीने आजच्या बाजारात चालतात तसे ऑप्शनचे करार नाजायज ठरवले. त्याविषयी अधिक विचारायचे तर जाणत्या उलेमांकडेच जावे. पण यात दीनाच्या बाहेरच्या माणसालाही कळेल असा इन्सानियतचा भागही आहे, आणि तिचा प्रश्न त्या जागी होता.

त्याच वेळी हेही खरे की या विद्येची सगळी कामे एका जातीची नाहीत. शेतमालाच्या किंवा डॉलरच्या भावाचा धोका एखाद्या कारखानदाराला झेपत नाही, तो मोजून वाटून घेणे हे काम उपयोगाचेच. सोलापूरचे टॉवेल परदेशी जातात. पैसे हातात येईपर्यंत डॉलर किती होईल या काळजीत इथले किती तरी कारखानदार असतात. विम्याचा हप्ता ठरवणे, निवृत्तिवेतनाचा निधी पुरेल का ते पाहणे, सौद्यांची हमी घेणाऱ्या संस्थेने किती अनामत मागावी ते काढणे, बाजारात कोणी लबाडी करतो का ते आकड्यांतून शोधणे, हेही याच गणिताचे काम.

आणि चुकीचे गणित पकडणे हे तर मोठेच काम आहे. १९९८ साली अमेरिकेतला एक फंड कोसळला. शोल्स आणि मर्टन, दोघेही नोबेल विजेते, त्यात भागीदार होते. १४ बँका आणि संस्थांना एकत्र येऊन ३.६ अब्ज डॉलर घालावे लागले. २००८ साली घरकर्जांचे जे संकट जगभर पसरले, त्यात सगळी कर्जे एकदम बुडणार नाहीत असे मानणाऱ्या सूत्रांचा वाटा होता. नाणी स्वतंत्रपणे पडतात हे आम्ही दहावीला शिकवतो. एकाच शहरातली माणसे मात्र एकाच वेळी बेकार होऊ शकतात, हे सोलापूरच्या गिरण्या बंद पडताना आमच्या आधीच्या पिढीने पाहिले. २०११ साली अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने अशी सूत्रे बनवणाऱ्याने आणि तपासणाऱ्याने वेगळे असावे असे मार्गदर्शन काढले, आणि तपासणीचे ते काम आज मुंबई-बंगळूरच्या कचेऱ्यांतूनही मोठ्या प्रमाणावर होते.

२०२४ च्या जॅममध्ये तिचा नंबर लागला. आता वडिलांचा प्रश्न होता. ते शाळेत आले, खुर्चीच्या कडेवर बसले आणि म्हणाले, "मॅडम, बच्ची का दिमाग चलता, मेरे को मालूम है। लेकिन इत्ता दूर भेजना... लोगां क्या बोलते?" मी त्यांना फळ्यावरचा तो जुना हिशेब पुन्हा मांडून दाखवला, ९९ लाखांचा, आणि शेजारी दोन वर्षांच्या एम.एस्सी.चा. जॉबर माणूस, मागात एक धागा तुटला तर कुठे तुटला ते आवाजावरून ओळखणारा. त्यांनी दोन्ही आकडे नीट पाहिले. "इसमें घर गिरवी नहीं रखना पडता?" "नाही." "तो फिर लोगां का क्या।" जुलैत ते स्वतः तिला होस्टेलवर सोडून आले.

२०२५ च्या उन्हाळ्यात तिच्यापुढे दोन ठिकाणची उमेदवारी होती. एक सौदे करणारी कंपनी, आणि एका बँकेचा सूत्रे तपासणारा विभाग. दुसरीकडचे मानधन पहिल्याच्या निम्म्याहून कमी. तिने दुसरी घेतली. तिथेही मालक बँकच आहे आणि बँक व्याजावर चालते, हे तिला माहीत आहे. मलाही. तिने मला लिहिले, "टीचर, हे अगदी स्वच्छ आहे असे मी म्हणत नाही. पण इथे माझे काम 'हे चुकते आहे' असे सांगण्याचे आहे." पुढे ती शिकवायला जाईल, विम्याकडे वळेल, की आणखी काही करील, ते तिचे ती ठरवील.

तिने निवडलेले बरोबर की चूक यावर आमच्या स्टाफरूममध्ये दोन मते आहेत. पण तिला निवडता आले, ही गोष्ट मला मोठी वाटते. ८२,६५० चा हप्ता डोक्यावर असता तर जास्त पगाराची जागा सोडण्याचा विचार तिने केला असता का? ज्या व्याजाची नोकरीत अडचण वाटते, तेच व्याज नोकरीच्या आधी घराच्या कागदावर बसलेले असते, आणि मग सवाल ईमानाचा राहत नाही, फक्त तारखेचा राहतो. म्हणून मुलांना मी सांगते की आधी गणित शिका, स्वस्तात शिका, खोल शिका. पदवीचे नाव काय आहे ते नंतर पाहू. गणित आलेल्या माणसापुढे पाच दरवाजे असतात. कर्ज काढून एका बाजाराची पदवी घेणाऱ्यापुढे बहुधा एकच असतो, आणि त्यातून जावेच लागते.

शिक्षकबंधु-भगिनींना एक विनंती. जॅमची, सांख्यिकी संस्थेची, ॲक्चुअरी प्रवेशाची परीक्षा कधी असते ते शाळेच्या फलकावर लावा. दहावीच्या मुलांना ते लगेच लागणार नाही, पण बारावीला, बी.एस्सी.ला गेलेली मुले दाखले न्यायला शाळेतच येतात. ती वाचतील. आणि पाचवा धडा शिकवताना नाणे उडवून थांबू नका. वर दिलेले दोन समीकरणांचे उदाहरण घ्या. अर्धा तास लागतो. मग वर्गाला विचारा की समोर कोण बसले आहे आणि त्याने कोणते गणित केले आहे. भाव चढेल या आशेवर रात्री मोबाइल चाचपणारा एखादा मोठा भाऊ प्रत्येक वर्गातल्या कुणाच्या तरी घरी आहे. त्याला हे उदाहरण सांगणारे घरात कोणीतरी असले पाहिजे, मग ते दहावीतले का असेना.